चिन्नोरला लागणारी रात्र

धान कापणीला आला की माझं डोकं फिरतं. इतरांना या दिवसांत बरं वाटतं म्हणतात. धानाच्या बांध्या पिवळ्या झालेल्या, सकाळच्या धुक्यात विळ्यांचा आवाज, कापलेला धान ओळीनं पसरलेला, वाऱ्यावर ओल्या तणसाचा वास. मलाही हे सगळं दिसतं. मीही तो वास नाक भरून घेते. पण संध्याकाळ होते, सूर्य तलावापलीकडच्या सागबनात उतरतो, पश्चिमेला अभिजित लुकलुकावा अशी वेळ येते आणि नेमका तेव्हाच तलावाच्या पाळीवरचा तो हायमास्टचा उंच दिवा पेटतो. अख्खं आभाळ ताकासारखं पांढरं होऊन जातं. मी खिडकी धाडकन लावते. शेजारीण विचारते, "काय व बाई, थंडी वाजून राहिली काय?" मी हो म्हणते. रागाला थंडी म्हटलं की पुढचे प्रश्न टळतात.

मी शाळेत भूगोल शिकवते. गाव आमचं एकोडीच्या बाजूचं, धानाचं, तलावाचं, आणि रात्री नऊनंतर एसटी नसल्यामुळे लवकर झोपणारं. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, दर शनिवारी संध्याकाळी एक वर्ग सुरू केला. आकाश बघायचा वर्ग. कोणीही यावं, वही नको, फी नको, परीक्षा नाही. मोठी दुर्बीणही नव्हती. माझ्याकडे एक जुनी दोन डोळ्यांची दुर्बीण होती, ती हातोहात फिरायची. खळ्यावरची ताडपत्री पाळीवर अंथरायची, उताणं पडायचं आणि वर बघायचं. वर्ग कसला, पंगतच ती, फक्त वाढणारं कोणी नव्हतं.

मला वाटलं होतं, शाळेतली चार मुलं येतील. आल्या बाया. दिवसभर धान कापून, घरी जाऊन चूल पेटवून, सगळ्यांना जेवू घालून, पदराला हात पुसत आल्या. माणसं मागे बिड्या ओढत उभी राहायची आणि आपण इथं सहज आलोय असं दाखवायची. बाया मात्र ताडपत्रीवर आडव्या व्हायच्या. दिवसभर वाकून काम केलेल्या पाठीला जमीन लागली की त्यांच्या तोंडून एक 'हाऽ' निघायचा. मी पहिली पाच मिनिटं काही बोलायचीच नाही. त्या पाठींचा तो हक्क होता.

इंदूबाई पहिल्याच शनिवारी आल्या. पाळीच्या पायथ्याशी, तलावाच्या तुडुमातून पाणी येतं तिथं, त्यांची बांधी आहे, बांध घातलेलं धानाचं शेत. नवरा गेल्यावर ती बांधी त्या एकट्या बघतात. मुलगी लग्न होऊन तुमसरकडे. आवाज खणखणीत, शंका आली की वर्ग तिथंच थांबवणार. त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, "बाई, मघा कोन्ती?"

प्रश्न फार मोठा होता. आमच्याकडे पाऊस नक्षत्रांनी मोजतात. मृगात पेरायचं, आर्द्रा-पुनर्वसूत रोपं उपटून रोवणी, मघाचा पाऊस असा, हस्ताचा म्हणजे हत्तीचा पाऊस तसा. शाळेत न गेलेल्या बाईलाही ही नावं जावा-नणंदांच्या नावांसारखी पाठ. पण त्यातलं एकही नक्षत्र कोणी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. जन्मभर ज्यांच्या नावानं रोवणी केली ती दिसतात कशी, हे कोणी दाखवलंच नव्हतं. मी त्यांना सांगितलं की ज्या नक्षत्राचा पाऊस असतो, तेव्हा सूर्य त्याच नक्षत्रात बसलेला असतो, म्हणून त्या दिवसांत ते दिसत नाही. मघा बघायची तर पाऊस संपून, धान घरात जाऊन, फाल्गुन लागावा लागतो.

"म्हंजे आपन ज्याची वाट पायतो, तो आला का दिसत नाई," इंदूबाई म्हणाल्या. "आन् काम झाल्यावर येते तोंड दाखवाले. आमच्या जावयावानी."

सगळी ताडपत्री हसली. आणि फाल्गुनात मी त्यांना पूर्वेला मघा दाखवली तेव्हा त्या हसल्या नाहीत. उठून बसल्या. एका साली मघाच्या पावसानं त्यांची सगळी रोवणी वाहून गेली होती. त्या ताऱ्याकडे बघत त्या भांडणाच्या आवाजात म्हणाल्या, "हे व्हय काय तू! एवढीशी!" मी इतकी वर्षं शिकवते, पण कोणी एखाद्या ताऱ्याला असं तोंडावर बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

तो हिवाळा मी विसरणार नाही. कार्तिकात कृत्तिकांचा झुबका पूर्वेला वर यायचा आणि बाया मोजायला लागायच्या, सहा का सात. पाण्यात मृगाचे तारे दिसायचे, इतकं पाणी संथ आणि इतका अंधार दाट. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस होते, आजूबाजूच्या गावांतून नाटकांचे भोंगे ऐकू यायचे, तरी शनिवारी पाळ रिकामी राहिली नाही. पौर्णिमेजवळच्या शनिवारी मी सुट्टी द्यायची, कारण चंद्राच्या उजेडात तारे बुडतात. बायांना ते पटायचं नाही. पण त्यांनी ते धड ऐकलंही नाही, हे मला पुढं कळलं. तिथंच सगळं बिनसलं.

चैत्रात वर्ग संपला. शेवटच्या शनिवारी गावानं छोटा कार्यक्रम ठेवला. नारळ, शाल, चहा. त्याच दिवशी गावात एका लग्नाला 'साहेब' आले होते. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, प्रत्येक भागात एक असतोच. सरपंचानं त्यांना हाताला धरून पाळीवर आणलं. साहेबांनी माझ्या वर्गाचं कौतुक केलं, विज्ञानाचं कौतुक केलं, स्वतःचंही केलं, आणि विचारलं, "बोला, वर्गाला काय पाहिजे?"

इंदूबाईंनी माईक घेतला. "साहेब," त्या म्हणाल्या, "आमची बाई साऱ्या हिवारभर अंदारात शिकवते. ना दिवा ना बत्ती. आमाले तिचं तोंडबी दिसत नाई. एवढी शिकलेली बाई अंदारात बसते, आमाले लाज वाटते. तिच्या वर्गाले एक मोठा लाइट द्या."

टाळ्या पडल्या. मी उभी राहून म्हणाले, "नको, साहेब. लाइट नको." लोक हसले, प्रेमानं हसले. आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्यांदा भात वाढताना तो नको म्हणतोच. नको म्हणायची रीत आहे आणि तरी वाढायची रीत आहे. मी दुसऱ्यांदा नको म्हटलं, आवाज चढवून म्हटलं. एक म्हातारा उठून म्हणाला, "बाई भिडस्त हाये, साहेब. तुमी देऊन टाका." मी तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं तर सरपंचानं माझ्या हातात पेढा ठेवला. मी सांगत होते की तारे बघायला अंधार लागतो, आणि सगळं गाव माझ्या विनयशीलतेवर खूश होत होतं. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि ज्यांच्यावर यायचा त्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी पाणी होतं.

नंतरही मी प्रत्येकाला समजावलं. सरपंचाला, ग्रामसेवकाला, साहेबांच्या माणसाला फोन करून. सरपंच माझाच विद्यार्थी, माझ्याकडून भूगोलात पास झालेला. तो म्हणाला, "बाई, मंजूर झालेलं काम नाही म्हटलं तर पुढचं काही मिळत नाही." हे त्याला मी शिकवलं नव्हतं. श्रावणात खांब उभा राहिला. डोक्यावर गोल कडी, कडीला चहूबाजूंनी दिवे. खाली संगमरवरी पाटी, 'आकाशदर्शन केंद्र', त्याखाली साहेबांचं नाव, आणि अगदी खाली बारीक अक्षरात माझं. आजही ती पाटी तिथं आहे. तिच्यासमोर उभं राहून वर पाहिलं तर डोळे दिपतात, दुसरं काही होत नाही.

या वेळी दिवाळीची वाट न बघता, भाद्रपदात उघडीप मिळताच मी वर्ग ठेवला, आणि बाया हौसेनं आल्या. ताडपत्री अंथरली, आडव्या झाल्या आणि वर बघितलं. दिव्याभोवती किडे फिरत होते. त्यापलीकडे काही नव्हतं. शुक्र असता तर दिसला असता, तो त्या दिवसांत पहाटेचा होता.  मग एक जण माझी बाजू सांभाळत म्हणाली, "आज ढग हायेत वाट्टे." आभाळ निखळ होतं.

मी काय बोलले ते मला आठवतं, आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. मी म्हणाले, "ढग नाहीत. तुम्ही दिवा मागितलात, त्यानं तारे खाल्ले. घरी जा." त्या उठल्या. इंदूबाई सगळ्यात शेवटी. ताडपत्रीची घडी करताना त्यांचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

गावानं मात्र हार मानली नाही. वर्ग वाचवायला त्यांनी व्याख्यान ठेवलं. नागपूरहून एक वक्ते आले, त्याच खांबाखाली मांडव, पडदा, प्रोजेक्टर. ते छान बोलले, मी खोटं सांगणार नाही. कृष्णविवर झालं, मंगळ झाला. पडद्यावर आकाशगंगा आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी आईला म्हणाली, "हे कुठं असते व?" आई म्हणाली, "अमेरिकेत असन." मागच्या हिवाळ्यात तीच आई या जागेवर आडवी पडून तीच आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं दाखवत होती. वक्त्यांनी जाता जाता खांबाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि म्हणाले, "ग्रामीण भागात विज्ञानाचा इतका सुंदर प्रकाश!" मी चहाचा कप तिथंच ठेवून घरी आले.

इथपर्यंतचा राग माझा एकटीचा होता. वर्ग बुडाला, तारे गेले, मी चिडले, इतकंच. गावाचं पोट त्यावर चालत नव्हतं. पण मग अश्विनात दुसरं काहीतरी दिसायला लागलं, आणि तेव्हा कळलं की अंधार एकट्या माझ्या वर्गाला लागत नव्हता.

इंदूबाईंच्या बांधीत चिन्नोर असतो. बारीक, सुवासिक, जुना धान. गावात बहुतेकांनी तो सोडला, कारण तो उंच वाढतो, उशिरा येतो आणि कमी पिकतो. इंदूबाईंनी सोडला नाही. लग्नात त्यांच्या आईनं लाखांदूरकडून गाठोड्यात बांधून दिलेलं ते बियाणं. तेव्हापासून दरवर्षी त्यांनी स्वतः लोंबी निवडून, वाळवून, मडक्यात राखेत ठेवलं. विकतचं बियाणं त्यात कधी मिसळलं नाही. नवा भात मुलीकडे जायचा, एक शेर माझ्याकडे यायचा, आणि उरलेल्यावर त्यांचं वर्ष जायचं. बी एका वर्षाचंच ठेवतात. एक हंगाम चुकला तर संपलं.

हत्तीचा पाऊस झाला, गावातला सगळा धान निसवला. म्हणजे पोटरीतून लोंब बाहेर आली. इंदूबाईंचा निसवला नाही. पानं हिरवीगार, ताठ, तजेलदार, पण लोंब नाही. चित्रा लागली तरी नाही. बाकीच्या बांध्या पिवळ्या पडायला लागल्या आणि ही आषाढातल्यासारखी हिरवी. कृषी सहायक मोटारसायकलवरून आले, न उतरता म्हणाले, खत जास्त झालं. दुकानदार म्हणाला, खत कमी झालं. एका शेजाऱ्यानं नजर लागली म्हटलं. इंदूबाईंनी नारळ फोडला, लिंबू बांधलं आणि रोज सकाळी बांधीत जाऊन एक एक पोटरी नखानं सोलून बघितली.

 मग मी कृषी महाविद्यालयात असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला फोन लावला. मी सगळं सांगितलं. तिनं खताबद्दल विचारलं नाही, किडीबद्दल विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "शेताजवळ दिवा आहे का गं?"

मी हो म्हटलं, पाळीवरचा खांब सांगितला. ती समजावून सांगत होती. असे जुने धान रात्र मोजतात. दिवस लहान होत जातात, रात्र लांबत जाते, ती पुरेशी लांबली की रोपाला कळतं की आता लोंब काढायची. डोक्यावर रात्रभर दिवा जळत असेल तर त्याच्या हिशेबानं रात्र होतच नाही. ते बिचारं पावसाळाच चालू आहे असं समजून पानं वाढवत बसतं. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ताडपत्रीवर आडव्या पडलेल्या बाया येत होत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी इंदूबाईंना घेऊन पाळीवर गेले. वरून बांधी बघितली. खांबाच्या पायथ्यापासून जिथवर उजेड जातो तिथवर धान हिरवा, आणि त्यापलीकडे दुसऱ्यांचा धान पिवळा. परातीच्या कडेसारखी आखीव गोल रेघ. आणि त्या हिरव्याच्या मधोमध एक पिवळा पट्टा होता. बुंध्याशी अरुंद, पुढे पसरत गेलेला, फांद्या फुटल्यासारखा. आधी मला उमगलंच नाही. मग पाळीच्या उतारावरच्या मोहाच्या झाडाकडे लक्ष गेलं. ते दिव्याच्या आणि बांधीच्या मध्ये उभं होतं. रात्री त्याची सावली जिथं पडायची, तिथं धानाला रात्र मिळाली होती. तिथं लोंबी पिकून वाकल्या होत्या. दुपारची सावली झाडाखाली होती आणि रात्रीची ही अशी पिवळी होऊन बांधीत पडली होती.

इंदूबाईंनी बांधीकडे पाहिलं. मग खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या म्हणाल्या, "मीच मांगतला होता ना व बाई हा लाइट."

मी म्हणायला हवं होतं की तुमची काय चूक. मला म्हणवलं नाही. मी म्हणाले, "हो. तुम्हीच." आणि वर सांगितलं, "आता तुम्हीच बंद करायला सांगा."

ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या. त्याच खणखणीत आवाजात बोलल्या. "लाइट मी मांगतला होता, मीच सांगतो, इझवा. लोंब येईपर्यंत तरी इझवा. धानाले रात पाहिजे." सभागृहात हसू पिकलं. सरपंच म्हणाला, "काकू, देलेली वस्तू वापस कशी करता येते? साहेब का म्हणतील?" मी उठले, मैत्रिणीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. मग म्हणाले, सगळे नको, बांधीकडचे दिवे तरी बंद करा. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, बटण एकच आहे, सगळे चालू नाहीतर सगळे बंद. ग्रामसेवक भला माणूस. तो म्हणाला, नुकसानभरपाईचा अर्ज करा, मी शिफारस करतो. इंदूबाई म्हणाल्या, "पैशाचा चिन्नोर उगवत नाई ना बापा. मले अंदार पाहिजे." ग्रामसेवकानं मान हलवली. पूर, अवर्षण, तुडतुडा, रानडुक्कर, सगळ्यासाठी अर्ज आहेत. अंधार मागायचा अर्ज कुठल्याच कचेरीत घेत नाहीत.

मग मतं घेतली. मी माझ्या वर्गातल्या बायांकडे बघत होते. एकीचाही हात वर गेला नाही. माझा राग अनावर झाला. मी म्हणाले, "अगं, तुम्ही तारे बघितलेत ना?" तेव्हा पौर्णिमा उठली. बारावीतली मुलगी, साकोलीहून शेवटच्या गाडीनं येते आणि फाट्यावर उतरून पाळीच्या बाजूच्या वाटेनं घरी जाते. ती म्हणाली, "बाई, लाइट लागल्यापासून मी फाट्यापासून घरापर्यंत पळत नाही येत. चालत येतो." आणि खाली बसली.

तिला मी काय सांगणार होते? मृग कुठं दिसतो ते? तिच्यावर रागावता येत नव्हतं, म्हणून मला आणखीच राग आला. फाट्याच्या वाटेवर एक छोटा, खाली उजेड पाडणारा दिवा बसवला असता तर पोरगी चालत आली असती आणि तलावावर रात्रही राहिली असती. पण लहान दिव्याला साहेब येत नाहीत, फीत कापता येत नाही, पाटी लावायला जागा नसते. पोरींची भीती आणि इंदूबाईंचा धान एकमेकांसमोर उभे करायचे आणि आपण मधून निघून जायचं, ही यांची कारागिरी. मी हे तिथंच बोलले. इतिवृत्तात ते आलं नाही.

दिवाळी झाली. गावात कापणी उरकली, कापलेल्या धानाचे पुंजणे रचले गेले. इंदूबाई विळा घेऊन त्या पिवळ्या पट्ट्यात उतरल्या. मीही उतरले. इतक्या कमी जागेत कापायचं की दोघींच्या कोपरांची टक्कर व्हायची. डावीकडे हिरवं, उजवीकडे हिरवं, आणि मधे झाडाच्या सावलीएवढं पीक. मोठ्या फांदीची सावली संपली तिथं धान संपला. बुंध्याकडून शेंड्याकडे कापत गेलो. सगळं मिळून एक भारा झाला. त्यांनी तो डोक्यावर घेतला नाही, कडेवर घेतला. बाकीचा हिरवा धान त्यांनी मार्गशीर्षात बैलांना घातला. त्याला उशिरा काही लोंबी आल्या होत्या, पण दाबल्या तर सगळ्या पोचट.

त्या वर्षी भात नव्हता. मुलीकडे काही गेलं नाही, माझ्याकडे काही आलं नाही. होतं ते बी.

पुढच्या ज्येष्ठात मी विचारलं, बी कुठं टाकणार? त्यांची दुसरी जमीन उंचावरची, पाणी न थांबणारी. तिथं चिन्नोर होत नाही. पाळीखालच्या बांधीवर दिवा. त्यांनी मडकं काढलं, बी कापडात बांधलं, आणि आम्ही दोघी एसटीनं लाखांदूरला गेलो. तिथून आत, त्यांच्या भावाच्या गावाला. भाऊ थकलेला माणूस. त्यानं गाठोडं हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, "हा त मायच्या हातचा हाये."

"वापस आनला," इंदूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे त्याले झोप येत नाई."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. दोन्ही बाजूंना पेरणी चाललेली, ओल्या मातीत बी टाकणाऱ्या बाया.  उतरताना म्हणाल्या, "पोरीले माहेरी धाडून देतेत तसं वाटून राहिलं."  मी समजूत घालणारी बाई नाही.

आता पुन्हा कापणी आलीय. इंदूबाईंनी पाळीखालच्या बांधीत या साली दुकानातला नवा धान लावला. बुटका, जाडसर, लवकर येणारा. त्याला रात्र मोजता येत नाही, दिवस भरले की तो निसवतो, डोक्यावर दिवा असो की नसो. पीक भरघोस आलं. मागच्या आठवड्यात सरपंच पाळीवर भेटला. मोबाईलवर बांधीचे फोटो काढत होता. "पाहा बाई," तो म्हणाला, "लाइटात पण धान झाला. तुम्ही खालीपिली टेन्शन घेतलं होतं." मी त्याला सांगितलं की बाळा, तू रात्र नको असलेला धान शोधलास, आता रात्र नको असलेली माणसं तयार करतो आहेस, आणि तीही भरघोस येतील. तो हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

लोक मला विचारतात, वर्ग पुन्हा का घेत नाही? मी कुठं घेऊ? जंगलाच्या कडेला जागा आहे, पण दिवसभर राबलेल्या बाईला मी रानडुकरांच्या वाटेनं चालवू? तारे बघायला माणसानं गाव सोडून जावं लागणं, यालाच ते प्रगती म्हणतात. माझ्याच गावातलं आभाळ माझ्याच नावाची पाटी लावून काढून घेतलं, आणि त्याचे आभार मी मानावेत अशी अपेक्षा आहे. मी मानणार नाही.

काल इंदूबाईंनी नव्याच्या जेवणाला बोलावलं. नव्या धानाचा पहिला भात शेजारीपाजारी वाढायची रीत आहे. आम्ही दोघीच होतो. त्यांनी भात वाढला, वरून वरण घातलं. पूर्वी त्यांच्याकडे भात शिजायला लागला की गल्लीत वासानं कळायचं. काल चुलीपुढे बसूनही कळलं नाही. मी दोन घास खाल्ले. त्या माझ्याकडे बघत होत्या. विचारायला नको होतं, तरी मी विचारलं, "कसा आहे हो हा धान?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक उलथनं भात टाकला. मी नको म्हटलं होतं का, ते मला आठवत नाही.

"पोट भरते, बाई," त्या म्हणाल्या.